उजव्या अंगाचा सायलेन्सर

१२ जानेवारी, रविवार

फिरलं. पाव फेरा, पण फिरलं.

सोळा वर्षं जाम झालेलं इंजिन. लिंबाजीनं चारही प्लग काढून भोकांत तेल ओतून ठेवलं, त्याला आज आठवा दिवस. पुढच्या पुलीला पाना लावून तो रोज सकाळी एकदाच रेटा देतो — ‘झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवावं तसं, सर. वढायचं न्हाई.’ आज पान्याखाली काहीतरी सैल झालं. लिंबाजी हसला नाही. आपलं हसू तो काम संपल्यावर वापरतो.

अर्धापूरला केळीच्या बागेच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्यात दादांची गाडी. जपानी, दोन दारांची, चाळीस वर्षांची. एके काळी लाल होती, आता विटेच्या रंगाची. दादा मुंबईला बंदरावर नोकरीला असताना मायदेशी निघालेल्या एका जपानी इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली. निवृत्तीनंतर गाडीसकट गावी आले. २००९ साली दादा गेले आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच. रेणुकावहिनी दर शनिवारी तिच्यावरची धूळ झाडतात.

आता हैदराबादच्या व्यंकटरावांना ती हवी आहे. जुन्या गाड्या जमवणारा सज्जन माणूस, ‘बंद असली तरी नेतो’ म्हणतो. वहिनी परवा मला स्पष्ट म्हणाल्या, ‘बजरंग भावजी, होळीच्या आत चालती करून दाखवा, मग इचार करू. न्हाई तर गाडी व्यंकटरावांची. उभ्या गाडीला मी किती वर्षं झाडू मारू? आन् चालती झाली तरी चालवणारं कोण हाय?’

मी आहे की. पण ते बोललो नाही. माझं गाडी चालवणं वहिनींनी पाहिलेलं आहे.

होळीला साठ दिवस.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. लिंबाजीनं वहिनींनी दिलेला तिळगूळ अर्धा खाल्ला, अर्धा बॉनेटवर ठेवला. ‘तिनंबी गोड बोलावं.’

वहिनींच्या टेबलावर आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे चार फोटो. गाडीच्या पुनर्नोंदणीचे कागद तर सगळे माझ्याकडं आहेत. मग हे कशाचे? विचारलं नाही. पत्रकार परक्यांना विचारतो, घरच्यांविषयी अंदाज करतो.

१९ जानेवारी, रविवार

पेटली!

क्रमानं लिहितो. लिंबाजीला गेले तीन दिवस एकच दुःख — ह्या इंजिनात पिस्टन नाही. अर्धापूर फाट्यावर त्याचं दुचाकीचं गॅरेज, तीस वर्षांचा हात, आणि समोर बिनपिस्टनचं इंजिन. मोबाइलवर त्याला चित्रफीत दाखवली. आत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो, तो डब्यात गरागरा फिरतो. पेट्रोल ओढणं, दाबणं, जाळणं, धूर बाहेर टाकणं, सगळं फिरता फिरता.

‘म्हणजे समोसाच की, सर.’

मी म्हणालो, बाकीच्या गाड्यांचे पिस्टन येरझारा घालतात, ही प्रदक्षिणा घालते. लिंबाजीनं विचार केला. ‘समोसाच बरा. कळतंय.’

आणखी एक अपमान त्यानं गिळला. हे इंजिन जन्मजात थोडं ऑइल जाळतं, म्हणून पेट्रोलातही थोडं टू-स्ट्रोकचं तेल मिसळायचं. ‘ऑइल पिणारी गाडी माझ्या गॅरेजला आली तर मी गिऱ्हाइकाला म्हणतो, काम निघालं. हिची म्हणं ती तब्येत!’

पेट्रोल बाटलीतून दिलं, कारण टाकीत गंजाचं पीठ आहे. साडेअकराला चावी फिरवली. कुईकुई, कुईकुई, मग एक खोकला, मग जो आवाज झाला त्याला मराठीत शब्द नाही आणि संस्कृतात आहेत ते सगळे युद्धातले. धुराचा मूळ पाइप गंजून केव्हाच गळून पडलेला, त्यामुळं इंजिनाचं तोंड उघडंच. शेजारच्या बागेत केळी उतरवणारे गडी घडासकट खाली बसले. बांधावरची म्हैस दावं तोडून गेली ती शोधायला दुपार लागली.

वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. कानावर हात घेतले नाहीत. गाडी बंद होईपर्यंत उभ्या राहिल्या, मग खिडकीतून आत वाकून म्हणाल्या, ‘हिचा क्लच लई खाली लागतो का हो?’

क्लच हा शब्द वहिनींच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. टीव्हीवर ऐकला असेल.

२० जानेवारी, सोमवार

सुट्टी टाकली. (कारण: पाठदुखी. बजरंग म्हणजे वज्रासारखं अंग. आईबापांनी ठेवलेलं नाव आणि डॉक्टरांनी काढलेला एक्स-रे यांचा मेळ नाही.)

सायलेन्सरचं काय करायचं? जपानहून मिळायचा नाही. मिळाला तरी होळी उलटून रंगपंचमी येईल. मूळ पाइप इंजिनापासून थेट शेपटीपर्यंत जात होता, वाटेत तीन वळणं. एवढ्या जाड पाइपला सुरकुती न पाडता वळण देणारं यंत्र इथं कुणाकडं नाही. शिवाय मागच्या डिकीचा पत्रा कुजलाय, धूर मागं नेला तर भोकांतून आत येणार.

लिंबाजी गाडीखाली गेला. बराच वेळ फक्त पाय दिसत होते. मग आवाज आला —

‘मागं कशाला न्यायचा? पोटाखालून आणू आन् बगलंतून सोडू.’

म्हणजे पाइप लांबवायचाच नाही. दाराखालून कडेला आणायचा आणि मागच्या चाकाच्या अलीकडं तोंड बाहेर काढायचं. एकच वळण. शर्यतीच्या गाड्यांना असा असतो, असं पुढं मोबाइलवर कळलं. लिंबाजीला ते कळण्याची गरज पडली नव्हती.

‘कोणत्या बगलेतून?’

‘उजव्या. इंजिनाचं धुराचं तोंडबी उजव्याच अंगाला हाय. आन् नसतं तरी उजव्याच.’

‘का?’

तो गाडीखालून बाहेर आला. एवढं अज्ञान झोपून ऐकवत नसावं. ‘सर, सायलेन्सर कायम उजव्या अंगाला. बाई डाव्या अंगाला बसती. पदर जळू नाही, पोटरी भाजू नाही. कोणतीबी मोटारसायकल बगा. साडीगार्ड डावीकडं, सायलेन्सर उजवीकडं.’

खरंच की. पन्नास वर्षं पाहतोय, लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, चोख. वहिनी डावीकडंच बसतील, दादांच्या वेळी बसायच्या तशाच. उजवीकडं मी. माझी पँट जळली तर जळली.

लिंबाजीनं खडूनं उजव्या दाराखाली फुली मारली.

२३ जानेवारी, गुरुवार

लिंबाजीचा फोन. ‘जयभीम, सर. ताई दवाखान्यातून येताना दिसल्या. डोळे तपासून घेतले म्हणं. कागदबी होता हातात.’

वहिनी सकाळी सातच्या बसनं नांदेडला जातात, आठवड्यातून चारदा. विचारलं तर ‘काम असतंय’. आता डोळे. वय सत्तावन्न. म्हणून गाडीचा निकाल लावायचा आहे का त्यांना?

२६ जानेवारी, रविवार

सकाळी झेंडावंदनाच्या सहा बातम्या, सहाही गेल्या वर्षीच्याच, फक्त पाहुणे बदललेले. दहाला अर्धापूर.

आपल्या भागात पाइप म्हटलं की बोअरचा. बागेतलं एक बोअर २०१६ साली आटलं, त्याचे काढलेले पाइप तेव्हापासून बांधाला पडून आहेत. जाड, चकचकीत, जणू ह्याच दिवसाची वाट बघत होते. लिंबाजीनं पुठ्ठा कापून इंजिनाच्या तोंडाचं माप घेतलं, त्यावरून लोखंडी पट्टीची चकती केली आणि पाइप जोडायला वेल्डिंग सुरू केलं. वारा होता म्हणून शेडचं दार लावून घेतलं.

जाळ हिरवट. धूर पांढरा, दाट. कापसासारखी फुलं उडायला लागली, माझ्या मिशीवर बसली. मी म्हणालो, हे काय? ‘काय न्हाई, सर. गूळ खाल्लाय मी.’ वेल्डिंगच्या आधी गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही इथल्या समस्त वेल्डरांची श्रद्धा. त्यानं मलाही खडा दिला.

जोड सुंदर झाला.

२७ जानेवारी, सोमवार

ताप. मला बेताचा, लिंबाजीला एकशे दोन. हुडहुडी, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव.

डॉक्टरांनी आधी डेंग्यूचं विचारलं, मग कालचं काम विचारलं आणि कपाळाला हात लावला. बोअरच्या पाइपला गंज चढू नये म्हणून जस्ताचा मुलामा असतो. तो जाळला की असा ताप. एक-दोन दिवसांत उतरेल, पण पुन्हा बंद खोलीत हा धंदा केलात तर माझ्याकडं येऊ नका, म्हणाले.

जस्ताला संस्कृतात यशद म्हणतात हे मला ठाऊक होतं. ते जाळल्यावर हुडहुडी भरते हे नव्हतं. एम.ए.ला तो भाग मी ऑप्शनला टाकला असावा.

वहिनी दोन्ही घरी जाऊन आल्या. आधी लिंबाजीकडं कण्हेरी — ज्वारीची, ताक घालून — मग बस धरून नांदेडला माझ्याकडं. वर बोलणी. ‘दोघांचं मिळून शंभराच्या वर वय. धूर पांढरा का, एवढं तर इचारावं माणसानं.’ विचारलं होतं, हे सांगण्याचं बळ नव्हतं.

बोअरचा पाइप बाद. ह्या इंजिनाचा धूर तर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो, म्हणजे गाडीभर जस्त जळत फिरलं असतं.

३० जानेवारी, गुरुवार

लातूर. तुरीच्या आवकेची बातमी. विद्यापीठानं मला काव्यशास्त्र शिकवलं, पेपरानं तुरीचा भाव. पण तुरीनंच आज हात दिला.

वीरेशअप्पांची डाळ मिल. जुनी ओळख. मिलमध्ये नवी यंत्रं आलीत आणि जुन्यांचं भंगार मागच्या अंगणात पडलंय. त्यात काय काय! स्टीलचे पाइप, कोपऱ्याचं तयार वळण, आणि डाळ चाळायचा भोकाभोकाचा पत्रा. मी पत्र्यापुढं उभा राहिलो. सायलेन्सरच्या पोटात नेमकी अशीच भोकांची नळी असते. धूर सरळ जातो, आवाज भोकांतून बाजूला शिरतो आणि तिथं भरलेल्या जाळीत अडकून दमतो. पत्रा गुंडाळला की नळी तयार.

‘चुंबक चिकटत न्हाई बघा ह्याला. जस्त-बिस्त काही न्हाई, अस्सल स्टील,’ अप्पा म्हणाले. मी ताप आलेलाही सांगितला. अप्पा हसून हसून खुर्चीत मागं गेले. ‘घेऊन जा, पत्रकार. पण सायलेन्सरमधून वरण निघालं तर पहिली वाटी मला.’

परतीची एसटी. पाच फुटी पाइप आणि गुंडाळलेला पत्रा पायांशी उभे. अहमदपूरला चहाला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर माझ्याकडं बघत बसला होता.

‘काय हाय हे, काका?’

‘सायलेन्सर.’

त्यानं आपल्या बसकडं पाहिलं, मग पाइपाकडं. ‘एक आमच्या हिलाबी करा की.’

२ फेब्रुवारी, रविवार

शेडची दोन्ही दारं उघडी. लिंबाजी नाकाला ओला रुमाल बांधून. माणूस सुधारतो, फक्त एकदा फणफणावा लागतो.

चाळणीचा पत्रा मुसळाभोवती गुंडाळून नळी केली. वहिनींचं मुसळ. परत देताना त्या म्हणाल्या, ‘वाकलं तर न्हाई ना?’ — पत्र्याचं नव्हे, मुसळाचं विचारत होत्या.

बाहेरचं नळकांडं मिलच्या जाड पाइपचं. दोन्हींच्या मधल्या पोकळीत भरायला तारेच्या घासण्या, भांडी घासायच्या. सिद्धेश्वरच्या किराणा दुकानातून सत्तर घासण्या आणल्या.

‘लग्न काढलं का, सर?’

‘नाही. सायलेन्सरमध्ये भरायच्यात.’

सिद्धेश्वरनं घासण्या पुन्हा मोजल्या. ‘पेपरवाल्यांची तब्येत बघा जरा,’ हे मी पाठमोरा झाल्यावर.

लिंबाजीनं एकेक घासणी उलगडून, ठासून भरली. गादी भरणाऱ्याची नजर. सायलेन्सरला मी मनातल्या मनात मौनदाता म्हणतो. लिंबाजीला सांगितलं. ‘आधी देऊ द्या मौन, मग ठिवा नाव.’

९ फेब्रुवारी, रविवार

बसवला, आणि उतरवला.

पाइप गाडीच्या तळाला थेट बोल्टांनी आवळला होता. सुरू केल्यावर अख्खी गाडी तंबोऱ्यासारखी गुणगुणायला लागली आणि पाचव्या मिनिटाला चकतीपाशी जोडाला चीर. इंजिन हलतं, गाडी हलत नाही, मधल्या मध्ये पाइप मोडतो. लिंबाजी स्वतःवरच चिडला. ‘बैलाला खुंट्याला आखूड बांधलं तर दावं तुटतं न्हाई तर मान. एवढं कसं सुचलं न्हाई मला!’ मग ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापून त्यांच्यावर पाइप टांगला. आता तो लोंबकळतो, डुलतो, पण तुटत नाही. संसाराबद्दल काहीतरी लिहिणार होतो, राहू दे.

काम चालू असताना मी आत डावीकडच्या सीटवर बसलो होतो, दिव्याचा प्रकाश खाली पाडत. ह्या गाडीचं स्टीअरिंग दादांनी कधी कुणाला दिलं नाही. मला नाही, मित्रांना नाही. एकदा नव्या नव्यात वहिनींनी विचारलं होतं, ‘मला शिकवता का?’ दादा हसले. ‘तू आपली डाव्या अंगाला बस राणीसारखी.’ मीही हसलो. वहिनीही हसल्या, सगळ्यांच्या शेवटी.

आज का आठवलं कोण जाणे. तेल-पेट्रोलच्या वासानं असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाठ. खरोखरची. ऑफिसात कुणाचा विश्वास बसला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मौन मिळालं!

मौन म्हणजे अगदी मौन नव्हे. खालच्या पट्टीतला एक भरीव घोगरा सूर, बोलण्याआधी खाकरणाऱ्या सज्जनासारखा. लिंबाजीनं अर्धा तास चालू ठेवली. चीर नाही, गळती नाही. पहिल्यांदा थोडा धूर आला, तो घासण्यांवरच्या तेलाचा. मग काही नाही. म्हैस बांधावर रवंथ करत होती. तिनं मान वळवून पाहिलं आणि परत कामाला लागली. ह्याहून मोठा दाखला नको.

लिंबाजी हसला. काम संपल्याचं हसू. मी त्याला मिठी मारली आणि माझा पांढरा शर्ट निवर्तला.

वहिनी आल्या. आधी ऐकलं. ‘आवाज त्यांच्या वेळचाच हाय. जरा जाड झालाय. वय झालं ना.’ डोळ्यांत काहीतरी होतं. मग वाकून पाहू लागल्या आणि उजव्या दारामागं बाहेर आलेल्या तोंडाशी थांबल्या.

‘हे इकडून का काढलं?’

लिंबाजीनं नियम सांगितला. बाई, डावं अंग, पदर, पोटरी. छान सांगितला, मला सांगितला त्याहून छान.

वहिनींनी हात त्या तोंडाजवळ नेला, धग पाहिली, मागं घेतला. मग स्वतःच्या साडीच्या काठाकडं पाहिलं. ‘बरं,’ म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

त्यांना आवडलं नसावं. उंबऱ्यापाशी त्यांचे नवे कॅनव्हासचे बूट होते, निळ्या नाडीचे. चालायला जात असतील. डोळे, चालणं — तब्येतीचं काहीतरी आहे आणि सांगत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

टाकी धुऊन झाली, ब्रेक नवे. बागेतल्या रस्त्यानं आठ फेऱ्या. चालवणारा मी. दोनदा बंद पाडली, एकदा केळीच्या पाण्याच्या दांडात घातली. लिंबाजी डावीकडं बसून दाराची मूठ धरून होता. ‘गाडी चांगली हाय, सर,’ एवढंच म्हणाला.

वहिनी ओट्यावरून बघत होत्या. मी उतरलो तेव्हा म्हणाल्या, ‘वळणाआधी गिअर उतरवायचा, भावजी. वळणात न्हाई.’ दादांच्या शेजारी बसून बसून कानाला सवय झालेली. कौतुक वाटलं.

‘मग राहणार ना गाडी, वहिनी?’

‘होळी कुठं आली अजून?’

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आरटीओ, नांदेड. गाडी टेम्पोवर घालून नेली. तपासणारे साहेब तरुण. कागदावर लिहिताना थांबले.

‘पिस्टन किती?’

लिंबाजीनं अत्यंत नम्रतेनं सांगितलं, ‘शून्य, साहेब.’

मग बॉनेट उघडून समोशाचं व्याख्यान झालं. साहेबांनी दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा आवड म्हणून. गाडीखालून सायलेन्सर पाहिला, आवाज मोजला, धूर मोजला. मापात. आणखी पाच वर्षांसाठी पास.

आनंदात फाटकाबाहेर आलो आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात वहिनी. हातात कागद, फोटो, पेन कानाला. मला पाहिलं नाही. सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या, घरीच आहे.

मी चहाच्या गाड्यामागं उभा राहिलो. आयुष्यभर लोकांना अडवून प्रश्न विचारले, आज पाय पुढं पडेना. आरटीओत माणूस कशाला येतो? गाडी दुसऱ्याच्या नावावर करायला. आधार, फोटो, सह्या. सगळं जुळतंय. व्यंकटरावांना चालती गाडी मिळणार आणि चालती केली मी.

लिंबाजीला सांगितलं नाही. तो टेम्पोत बसून गाडीकडं बघत होता, मुलगी पहिली आल्यासारखा.

२ मार्च, रविवार

गेलो नाही.

७ मार्च, शुक्रवार

न राहवून व्यंकटरावांना फोन केला. हिंदी, तेलुगू आणि अदब यांचं मिश्रण.

‘मॅडमने बुलाया है जी. इतवार सुबह, अर्धापूर.’

‘गाडी के लिए?’

‘गाडी केच लिए जी.’

मग ठीक आहे. गाडी त्यांची आहे, दादा त्यांचे होते. मी धाकटा दीर, माझा हक्क तिळगुळापुरता. दोन महिने एका चांगल्या माणसाबरोबर चांगलं काम केलं, आणि ज्या आवाजानं म्हैस पळाली तो आता सज्जनासारखा खाकरतो. ती कुठंही गेली तरी आमची सत्तर घासण्यांची ओंजळ तिच्या पोटात राहील. हैदराबादला कुणीतरी कधी तो सायलेन्सर उघडेल आणि चक्रावेल.

असं सगळं नीट लिहून काढलं. तरी वाईट वाटतंच आहे.

रविवारी जाणार. नेताना बघणं तरी आपल्या हातात आहे.

९ मार्च, रविवार

व्यंकटराव ट्रॉली न आणता आले. हातात लहानसा खोका. ‘मॅडमने कार्बोरेटर का किट मंगाया था जी.’

उजव्या दारामागं, सायलेन्सरच्या तोंडावर, मोटारसायकलचं चकचकीत साडीगार्ड बसवलेलं. लिंबाजी म्हणाला, ‘ताईंनी काल बसवून घेतलं. मला वाटलं तुमाला ठावं हाय.’

वहिनी बाहेर आल्या. कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला. पर्समधून एक नवंकोरं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. फोटो संक्रांतीच्या वेळचा. खाली आरटीओचा शिक्का.

‘नियम बरोबर होता लिंबाजीचा,’ म्हणाल्या. ‘बाई कोणत्या अंगाला बसती, एवढंच इचारायचं राहिलं. तुम्ही डावीकडून बसा, भावजी.’

बसलो. फाट्यापर्यंत गुळगुळीत. पुढं एक ट्रक आडवा आला आणि मी उजव्या पायानं जोरात ब्रेक दाबला.

‘पाय उचला,’ वहिनी म्हणाल्या. ‘तिकडं काही न्हाई.’